टाऊन हॉलमधला समुद्रदेव आणि कोल्हापूरचं बंदर

घाटवाट्या

गेल्या रविवारी भाचीला घेऊन टाऊन हॉलच्या म्युझियमला गेलो होतो. पाचवीत आहे, प्रश्नांचं पोतं आहे नुसतं. काचेमागं पोसायडनची ती छोटी ब्राँझची मूर्ती आहे ना, ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात मिळालेली, तिच्यापुढं ही थांबली. म्हटलं, हा ग्रीक-रोमन लोकांचा समुद्राचा देव. तर म्हणाली, "मामा, पण आपल्याकडं समुद्र कुठाय?" मी म्हटलं, रंकाळा. तिला काही ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

ती मूर्ती सातवाहनांच्या काळातली. त्या रोमन व्यापारावर आपण सगळे भरभरून बोलतो. मग एकदम उडी मारतो ती १४९८ सालात, वास्को द गामा कालिकतला उतरला तिथं. मधली हजार-बाराशे वर्षं जणू समुद्र आटला होता! प्रत्यक्षात आठव्या-नवव्या शतकापासून पुढं अरबी समुद्रावर जी वर्दळ वाढली ती आधी कधी नव्हती. आणि त्याच काळात इथं वळीवडे, कोल्हापूर, पन्हाळा या पट्ट्यात शिलाहार राज्य करत होते.

शिलाहारांच्या तीन शाखा. उत्तर कोकणची ठाण्याकडं, दक्षिण कोकणची, आणि आपली कोल्हापूरची. तिघेही स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवायचे, म्हणजे तेरचे स्वामी. तेर हे जुनं व्यापारी गाव, हे मला सूचक वाटतं. दक्षिण कोकणच्या रट्टराजाचा एक ताम्रपट खारेपाटणला सापडला. शके ९३०, म्हणजे इ. स. १००८. दान आहे अव्वेश्वराच्या देवळाला आणि तिथल्या शैव गुरूला. गावं दिलीत, तेली-माळी-कुंभार-परीट लावून दिलेत, ते सगळीकडंच असतं. पण पुढची ओळ वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. द्वीपांतरातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागं एक सोन्याचा गद्याण, आणि कंदलमूलीय प्रदेशातून येणाऱ्या जहाजामागं एक धरण (गद्याण आणि धरण ही तेव्हाची सोन्याची मापं). त्यातून चेमूल्य आणि चंद्रपूर वगळलेले. चेमूल्य म्हणजे चौल, चंद्रपूर म्हणजे गोव्यातलं चांदोर.

म्हणजे १००८ साली परदेशी जहाज वेगळं, किनाऱ्यावरचं वेगळं आणि सवलतीचं वेगळं असा हिशोब चालू होता. एखाददुसरं तारू चुकून लागणाऱ्या धक्क्यावर असली दरपत्रकं कुणी काढत नाही.

गगनबावड्याला उभं राहिलं की भुईबावड्याचा घाट खाली खारेपाटणकडंच उतरतो. कोल्हापूर ते गगनबावडा ५५ किलोमीटर. माझं म्हणणं असं की कोल्हापूरला बंदर होतं, फक्त मधे घाट होता. आता बोला.

तांबडा_रस्सा

रुमाल टाकून ठेवतो. रंकाळ्याचं उत्तर लई भारी, भाचीनं मार्क किती दिले? 😄

एक सांग भावा, खालनं वर काय यायचं आणि वरनं खाली काय जायचं? जहाज काय शोभेला थांबत नाही.

खाडीकाठची

मी खारेपाटणची. लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याला वीस वर्षं झाली. आमच्याकडे आजोबा सांगत की त्यांच्या लहानपणी भरतीबरोबर मचवे गावापर्यंत यायचे, विजयदुर्गाकडून. नारळ, मीठ, कौलं. आता खाडीत गाळ इतका की ओहोटीला पात्रात चालत जाता येईल असं वाटतं. शाळेत असताना 'आमचं गाव जुनं बंदर' असं गुरुजी म्हणाले की आम्ही हसायचो. बंदर समुद्रावर असतं, एवढंच आम्हाला ठाऊक.

पण तेच तर खरं शहाणपण होतं. समुद्रावरच उभं राहिलं की वारा आणि लुटारू दोघांचं भय. खाडीत आत शिरलं की जहाज सुरक्षित, गोडं पाणी हाताशी आणि घाटाचा पायथा जवळ. बैलांना तेवढी चाल कमी.

शंकासूर

लेख चांगला आहे, पण दोन ठिकाणी गाडी घसरली असं वाटतं.

एक, ताम्रपटात गावाचं नाव बलिपत्तन आहे. बलिपत्तन म्हणजे खारेपाटणच, हे सगळ्यांना मान्य नाही. ताम्रपट जिथे सापडतो तिथलाच असतो असंही नाही, तो सहज उचलून नेता येतो. दोन, रट्टराज हा कोल्हापूरचा राजाच नव्हे. तो कल्याणीच्या चालुक्य सत्याश्रयाचा मांडलिक. दक्षिण कोकण कोल्हापूरकरांच्या हाती आलं ते नंतर. १००८ च्या जकातीवर कोल्हापूरचा शिक्का मारणं म्हणजे शेजारच्याच्या लग्नात आपला मानपान मागण्यासारखं.

घाटवाट होती हे मान्य. वाट होती म्हणून माल गेला, हे सिद्ध करा.

घाटवाट्या

@शंकासूर, मानपान मागतोच, कारण पुरावा वर, इथं गावात आहे.

कोल्हापुरातल्याच जैन मंदिरातला कन्नड शिलालेख, शके १०५८, म्हणजे ११३५-३६. गंडरादित्य शिलाहाराचा सामंत निंबदेव. त्यानं कवडेगोळ्ळच्या बाजारात पार्श्वनाथाचं मंदिर बांधलं. त्या मंदिराला देणगी कुणी दिली? राजानं नव्हे, व्यापाऱ्यांनी. वीर-बणंजु म्हणवणारे, अय्यावोळेच्या पाचशे स्वामींच्या संघाचे लोक. बसून ठरवलं आणि मालावर देवळासाठी पट्टी बसवली.

अय्यावोळे म्हणजे ऐहोळे. संघाचं नाव तिथलं, पण माणसं चहूकडं. स्वतःच्या प्रशस्तीत ते सांगतात की आम्ही जमिनीच्या वाटेनं आणि पाण्याच्या वाटेनं फिरतो. हत्ती, घोडे, नीलमणी, वेलची, लवंग, चंदन, कापूर, कस्तुरी विकतो. यातलं लवंग-कापूर काही पन्हाळ्याच्या पायथ्याला पिकत नाही.

(कन्नड शिलालेख म्हटलं की काहींचे हात शिवशिवतात. सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, कृपया तिकडं.)

मोडी_आजोबा

गद्याण आणि धरण यांचं प्रमाण कुणी विचारलं नाही, पण निवृत्तांना वेळ असतो. भास्कराचार्यांची लीलावती ११५० ची. तिच्या परिभाषेत दोन यवांची एक गुंज, तीन गुंजांचा वाल, आठ वालांचं धरण आणि दोन धरणांचा एक गद्याण. म्हणजे धरण २४ गुंजांचं नि गद्याण ४८ गुंजांचा. ताम्रपटाच्या काळात नेमकी हीच मापं धरली असतील तर परदेशी जहाजाला पूर्ण दर आणि दुसऱ्याला अर्धा. हिशोब सोपा, कारकुनाला बोटांवर करता यावा असा.

आणि पहा, हा कर राजाच्या खजिन्यात न जाता देवळाकडे लावून दिला आहे. जहाज आलं तर नैवेद्य. त्यामुळे देवळातल्या माणसालाही खाडीच्या तोंडाकडे डोळे लावून बसावं लागत असणार. गावातला किराणा दुकानदार जसा गुळाच्या हंगामाकडे बघतो तसंच.

बेलबाग_वहिनी

वाचतेय. घाटवाट्या, त्या कापरावरून आठवलं. माझ्या सासरी जैन. पूजेत साधा कापूर नव्हे, 'बरास' लागतो. ते नाव सुमात्रा बेटावरच्या बरुस या बंदरावरून आलं, हे मला पूर्वी ठाऊक नव्हतं. तिथल्या झाडांच्या खोडात सापडणारा कापूर, म्हणून बरुसचा, म्हणून बरास.

गंमत पुढेच आहे. त्याच बरुसजवळ एक तमिळ शिलालेख मिळाला आहे, शके १०१०, म्हणजे १०८८ चा. लेख कुणाचा? 'पाचशे'वाल्यांचा! तिथे येणाऱ्या जहाजाच्या तांडेलाने आणि खलाशांनी सोन्यात किती द्यायचं हे संघाने ठरवलेलं. म्हणजे १०८८ ला सुमात्रात पट्टी बसवणारे आणि ११३५-३६ ला कोल्हापुरात पट्टी बसवणारे एकाच नावाखाली. माणसं अर्थात वेगळी, तिथले तमिळ, इथले कन्नड बोलणारे. पण पेढी एकच म्हणा ना.

तांबडा_रस्सा

वहिनी, नाद खुळा! म्हणजे कोल्हापूर टू सुमात्रा, एकच पेढी.

शंकासूर

बेलबाग वहिनींचा मुद्दा वजनदार आहे. शब्द मागे घेतो, अर्धे. 'एक पेढी' मात्र म्हणू नका. संघाचं नाव समान असलं तरी मालकी, भांडवल, नफा हे एकत्र नव्हतं. नाव हे ओळखपत्रासारखं. परमुलखात 'मी पाचशेंपैकी' म्हटलं की उधारी मिळायची, उतरायला जागा मिळायची.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. आपण घाटाच्या वरून बघतोय म्हणून घाट मोठा दिसतो. व्यापार वाढला तो दोन टोकांना गिऱ्हाईक तयार झालं म्हणून. एका टोकाला ७६२ साली वसवलेलं बगदाद आणि त्याला माल पुरवणारी बसरा, सिराफ ही बंदरं. दुसऱ्या टोकाला तांग आणि पुढे सुंग राजांचा चीन. इंडोनेशियात बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातलं बुडालेलं जहाज सापडलं. त्यात चिनी भांडी किती? जवळपास साठ हजार. एका वाडग्यावर ८२६ साल कोरलेलं. आणि जहाज बांधणीनं चिनी नव्हे, फळ्या दोरीनं शिवलेल्या, पश्चिमेकडच्या पद्धतीची. साठ हजार भांडी कुणी हौसेनं नेत नाही, तो कारखान्यातून काढलेला माल आहे.

पुढे ९६९ ला फातिमी खलिफांनी इजिप्त घेतलं, कैरो वसवलं. ९७७ च्या सुमारास सिराफ भूकंपात खचलं. व्यापाराचं वजन इराणच्या आखाताकडून तांबड्या समुद्राकडे, एडनकडे सरकू लागलं. सुंगांनी १०८७ ला छ्वानचौ बंदरात जहाजांवर देखरेख करणारी सरकारी कचेरी उघडली. तांड्यांनी आणि घाटांनी हे घडवलं नाही. ते या लाटेवर तरंगले.

खाडीकाठची

शंकासूर, तुमचं गणित दोन टोकांचं आहे, पण मधे जहाज थांबायला लागतं हो. सुईत दोरा दोन्ही टोकांनी ओवता येत नाही.

वाऱ्याचं तर कुणीच बोललं नाही! अरबांकडून येणारी जहाजं पावसाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट सरताना निघत आणि सप्टेंबरात आपल्या किनाऱ्याला लागत. परत जायचं तर उत्तर-पूर्वेचा वारा सुरू झाल्यावर, साधारण नोव्हेंबर ते मार्च. जून ते ऑगस्ट बंदर बंद. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय होडी पाण्यात घालत नाहीत ते उगाच नाही. अरबीत या हंगामाला 'मौसिम' म्हणतात. आपला मोसम, मोसमी वारे सगळे तिथूनच.

आता घाटाचं बघा. भुईबावडा पावसाळ्यात आजही दरडींनी बंद होतो. पूर्वी बैल कुठला चढणार! म्हणजे समुद्र श्रावणात उघडतो, घाट दसऱ्यानंतर. वरचा माल दसऱ्यापासून उतरवायचा आणि वारा फिरायच्या आत जहाजात भरायचा. चार-पाच महिन्यांत सगळा कारभार. मग ज्याचं जहाज चुकलं तो पुढचा पावसाळाभर इथेच. खायला, राहायला, आणि कधी कधी लग्न करायलाही.

घाटवाट्या

हे मला सुचलं नव्हतं! दोन घड्याळं एकमेकांत बसवलेली. म्हणून वर कोठारं हवीत, बाजार हवा, उधारीवर माल धरून ठेवणारा माणूस हवा. कवडेगोळ्ळच्या बाजाराचं काम हेच असणार असा माझा तर्क आहे.

आणि चुकलेल्या जहाजावरून: मसूदी हा बगदादचा प्रवासी ९१६ साली चौलला आला होता. राजा त्यानं 'झंझ' सांगितलाय, तो उत्तर कोकणचा झंझ शिलाहार. सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडचे मिळून दहा हजारांच्या आसपास मुसलमान तिथं राहतात असं तो लिहितो. त्यातल्या इथंच जन्मलेल्यांना 'बयासिरा' म्हणत. त्यांचा तंटा सोडवायला त्यांच्यातलाच एक मुखिया, राजानं नेमलेला. आकडा फुगवलेला असेल, पण वस्ती मोठी होती हे नक्की.

पेठेतला_वाघ

म्हणजे तेव्हापासूनच आपल्या राजांनी ह्यांना डोक्यावर

*[प्रतिसादाचा उरलेला भाग संपादित. धाग्याच्या विषयाला धरून लिहावे. — संपादक]*

मोडी_आजोबा

वाघोबा, रागावू नका. चिंचणीचा एक ताम्रपट आहे, शके ८४८, इ. स. ९२६. राष्ट्रकूटांनी संजाण बंदरावर अधिकारी नेमला तो ताजिक, म्हणजे अरब. संस्कृतात त्याचं नाव 'मधुमती' लिहिलंय, मूळचा मुहम्मद. त्यानं आसपासच्या बंदरांचे ठाणेदार वठणीवर आणले, दोन नद्यांवर फुकट नाव ठेवली आणि वाटसरूंसाठी अन्नछत्र घातलं, भात, कालवण आणि तूप. त्याच्या संमतीनं देवीच्या मठाला दान दिलं गेलं, तेच या ताम्रपटात आहे.

गोव्याच्या कदंबांची गोष्ट तर याहून रंगतदार. राजा सोमनाथाच्या यात्रेला समुद्रानं निघाला, डोलकाठी मोडली, गोपकपट्टणाला आसरा घ्यावा लागला. तिथं मदतीला धावला मदुमोद नावाचा ताजिक व्यापारी. पुढे त्याचा नातू छडम कदंब राजा जयकेशीचा कारभारी झाला. त्यानं उभारलेल्या मशिदीच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवर कर लावून दिला. रट्टराजाचा अव्वेश्वर काय आणि ही मशीद काय, रीत तीच. ज्याला जहाजाचं महत्त्व कळतं तो माणूस धरून ठेवतो. तुमच्या पेठेत तालमीला वस्ताद बाहेरून आणत नव्हते का?

पेठेतला_वाघ

वस्तादांचं पटलं काका. 🙏 पुढं लिवा.

तांबडा_रस्सा

माझा प्रश्न राहिलाच की गा. काय यायचं, काय जायचं?

शंकासूर

ठाण्याबद्दल मार्को पोलोनं तेराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलंय. बाहेर जायचं कमावलेलं चामडं, सुती कापड. आत यायचं सोनं, चांदी, तांबं. (चामडं म्हटल्यावर कोल्हापुरी चपलेचा इतिहास कुणी इथे घुसडू नये, पुरावा नाही.) आणि घोडे. दख्खनच्या हवेत चांगला घोडा निपजत नाही आणि आणलेला टिकत नाही. त्यामुळे मागणी कधी संपतच नाही, दरसाल नवे हवेत. ठाण्याच्या राजाचा समुद्री लुटारूंशी करारच होता म्हणे: बाकी लूट तुमची, घोडे माझे. जकातीपेक्षा बरा धंदा!

या घोड्यांचा आपल्या भागाशी संबंध नक्की होता, कारण शिलाहार, यादव, सगळ्यांना घोडदळ लागायचं. १२१२ च्या सुमारास सिंघण यादवानं कोल्हापूरच्या शिलाहार दुसऱ्या भोजाकडून पन्हाळा घेतला. मला वाटतं त्यामागे कोकणच्या वाटांचा हिशोबही असावा. हे अनुमान आहे, पुरावा मागू नका, माझंच शस्त्र माझ्यावर नको.

घाटवाट्या

😄 अनुमानाला परवानगी. यादवांना समुद्राची ओढ होतीच. १२६५ च्या सुमारास महादेव यादवानं ठाण्याच्या शिलाहार सोमेश्वराला पाण्यात गाठला. सोमेश्वर बुडून मेला. यादवांचा मंत्री हेमाद्री, त्यानं त्यावर चिमटा काढलाय, की महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा त्याला वडवानल, म्हणजे समुद्रातला अग्नी, परवडला. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत, त्यांतल्या काहींवर वल्ह्यांच्या जहाजांच्या रांगा कोरल्यात. ते या लढाईचे मानतात. मुंबईला गेलात तर जरूर बघा.

बेलबाग_वहिनी

विशाळगड राहिला की! आपल्याच जिल्ह्यातला. तेव्हाचं नाव खेळणा. पंधराव्या शतकाच्या मध्यावर बहमनींचा खलफ हसन बसरी फौज घेऊन तिकडच्या रानात शिरला आणि कापला गेला. त्याचा किताब काय होता तर 'मलिक-उत-तुज्जार', व्यापाऱ्यांचा राजा. पुढे महमूद गावान, हा मूळचा इराणमधल्या गिलानचा व्यापारी, दाभोळला उतरून बिदरला पोहोचलेला. त्यानं विशाळगड घेतला आणि लगेच १४७२ मध्ये गोवा. कारण एकच, संगमेश्वर-खेळण्याकडचे राजे जहाजं लुटत होते. समुद्रातल्या चोरीचा बंदोबस्त करायला त्याला सह्याद्रीवर चढावं लागलं.

घाटवाट्या, तुमच्या 'मधे फक्त घाट होता' ला याहून चांगला साक्षीदार नाही.

शंकासूर

हे मान्य. पूर्ण मान्य. (स्क्रीनशॉट काढून ठेवा.)

मोडी_आजोबा

शब्दांची थोडी भर. नाखवा हा फारसी 'नाखुदा', म्हणजे नावेचा धनी. बंदर फारसी. जकात, दलाल अरबी. गंमत अशी की हे शब्द घाट चढून वर आले आणि इथल्या बाजारात मुरले. मार्केट यार्डात गुळाचा सौदा बघायला उभे राहा, दलाल हा शब्द पाच मिनिटांत दहादा ऐकू येईल.

तांबडा_रस्सा

काका, एक शेवटचं. त्या बणंजु मंडळींनी कोल्हापुरात जेवण काय केलं असेल? जैन होते त्यांचं सोडा, बाकीच्यांना तांबडा-पांढरा?

मोडी_आजोबा

तांबडा नाही, बाळा. मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. तोवर तिखट म्हणजे मिरी, आलं, पिंपळी. नावातच बघ ना, मिरीवरून मिरची. पांढरा मात्र मिळाला असता.

तांबडा_रस्सा

आयडी बदलावा लागणार माझा.

घाटवाट्या

भाचीला सगळं वाचून दाखवलं. तिचा निकाल: "म्हणजे बंदर होतं, पण खाली होतं." आता तिला गगनबावड्यावरून खाली उतरून खारेपाटण बघायचंय. जानेवारीत जायचं म्हणतोय, भुईबावड्यानं उतरून विजयदुर्गापर्यंत. कोण येणार? दोन गाड्या झाल्या तर बरं.

शंकासूर

मी येतो. बलिपत्तनाबद्दलची शंका सोबत घेऊन.

बेलबाग_वहिनी

मी आणि हे. डबा माझ्याकडे.

खाडीकाठची

माहेरीच उतरा सगळे, आई आहे घरी. फक्त भरतीची वेळ बघून निघा. ओहोटीला पोहोचलात तर भाचीला गाळच दाखवावा लागेल, आणि मग पुन्हा रंकाळा ऐकून घ्यावं लागेल.